निवडायचं, वगळायचं, उलटायचं : फोटोतल्या मास्कचा हिशोब

(सोनपेठ येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर स्टुडिओवाले बरेच दिसताहेत, काही फ्लेक्सचं काम करणारे आहेत, आणि मागच्या बाजूला मोबाईलवरच सगळं एडिटिंग करणारी तरुण मंडळी. तिघांनाही आजचा विषय लागू आहे. विषय मास्कचा. पण मास्क तयार कसा करायचा हा नाही, कारण ते आता एक बटण दाबलं की होतं. दोन मास्क एकत्र कसे करायचे, एकातून दुसरा वजा कसा करायचा आणि मास्क उलटा केला की नेमकं काय होतं, एवढंच आज बघायचं आहे. सोपं वाटतं. पण फ्लेक्सवर माणसाच्या डोक्याभोवती जी पांढरी रेघ दिसते ना, ती बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.

आधी काम कोणतं येतं ते बघू. रात्री नऊ वाजता फोन येतो. घरातली आजी गेलेली असते. दहाव्याला बॅनर लागणार, आणि भिंतीवर लावायला फ्रेम हवी. फोटो कुठला आहे? तर नातवाच्या लग्नातला, तोही ग्रुपमधला. आजी खुर्चीत बसलेली, शेजारणीचा हात तिच्या खांद्यावर, अंगावर फिकट लुगडं आणि मागे पांढरी भिंत. वर लाल-पिवळ्या मांडवाचं कापड, त्यामुळे चेहऱ्यावर तांबूस छटा. दुसरा फोटो नाही. आयुष्यभरात तेवढा एकच निघाला. आपल्याकडे या पिढीतल्या बायकांचं असंच असतं. म्हणजे तुम्ही जे कापून द्याल तेच त्या घरात पुढची पन्नास वर्षं ‘आजी’ म्हणून राहणार. हाच फोटो आपण शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवू.

आता मास्क म्हणजे काय? फोटोच्याच मापाचं दुसरं चित्र, पण त्यात रंग नाही, फक्त काळा, पांढरा आणि करडा. पांढरं म्हणजे निवडलेलं, काळं म्हणजे न निवडलेलं. आकड्यांत बोलायचं तर आठ बिटच्या मास्कमध्ये प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यातली एक किंमत असते. मोंढ्यात पोत्यांवर मार्का मारायचा पत्रा तुम्ही पाहिला असेल. भोक आहे तिथून रंग जातो, पत्रा आहे तिथे अडतो. मास्क तोच पत्रा आहे, फक्त एक फरक आहे आणि आजचं सगळं व्याख्यान त्या फरकावर उभं आहे. पत्र्यात एक तर भोक असतं, नाही तर पत्रा असतो. मास्कमध्ये अर्धं भोक असू शकतं. जुन्या धोतराचं विरलेलं कापड लावलं तर थोडा रंग पलीकडे जाईल, थोडा अडेल, तसं. केसांच्या बटा, लुगड्याची झिरझिरीत किनार, फोकस नसलेला खांदा, या जागी मास्क करडा असतो, आणि असलाच पाहिजे.

सिलेक्शन केल्यावर स्क्रीनवर ज्या मुंग्या पळताना दिसतात त्या पूर्ण खरं सांगत नाहीत. निवड जिथे निम्म्याच्या वर जाते तिथे ती रेघ काढलेली असते. निम्म्यापेक्षा कमी निवडलेला भाग बाहेर आहे असं वाटतं, पण तो बाहेर नसतो. फोटोशॉपमध्ये अगदी फिकट निवड केली तर ‘अर्ध्याहून अधिक निवडलेला एकही पिक्सेल नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि मुंग्या दिसतच नाहीत. निवड मात्र असते. म्हणून मुंग्यांवर विसंबू नका, मास्क स्वतः उघडून बघा. क्विक मास्क लावला की न निवडलेला भाग लाल दिसतो. हा लालच का? ऑफसेटच्या जमान्यात प्लेट करण्याआधी नको असलेला भाग लाल फिल्मने झाकायचे. छपाईच्या त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला लाल उजेड दिसत नाही, त्यामुळे लाल म्हणजे तिच्या लेखी काळंच. कारागिराला मात्र खालचं चित्र आरपार दिसायचं. तीच सोय संगणकात आली.

इतिहासात फार रमायचं नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण त्यातून ‘उलटा मास्क’ चटकन कळतो. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर नावाच्या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र छापलं. एक निगेटिव्ह छापताना कागदाचा बाकीचा भाग झाकायचा, मग ती जागा झाकून दुसरी निगेटिव्ह छापायची. पुढे सिनेमा आला. फ्रान्समध्ये मेलिएसने १८९८ मध्ये स्वतःचंच डोकं टेबलावर काढून ठेवलं, पुन्हा नवं लावलं, अशी गंमत पडद्यावर दाखवली. युक्ती तीच. फिल्मचा एक भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, आता आधीचा भाग झाकायचा आणि राहिलेल्या भागावर चित्रण करायचं. दुसऱ्या वेळचं झाकण हे पहिल्याचं नेमकं उलटं हवं. केसभर कमी पडलं तर दोन भागांच्या मध्ये दोनदा उजेड पडून पांढरी रेघ येणार. केसभर जास्त झालं तर तिथे उजेडच पोचणार नाही, म्हणजे काळी रेघ. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही रेघ आजही आपल्या फ्लेक्सवर हजर आहे.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, नंतर १९१७ चा ‘लंकादहन’, १९१९ चा ‘कालिया मर्दन’. त्यातले चमत्कार लोकांनी तोंडात बोट घालून पाहिले. पण फाळके सिनेमात येण्याआधी छायाचित्रकार होते, ब्लॉक करणारे होते, लोणावळ्याला त्यांचा छापखाना होता, हे विसरलं जातं. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला होता. त्या तैलरंगी दिसणाऱ्या छापील चित्रांत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा. हा रंग कुठे पडेल आणि कुठे पडणार नाही, हे तो दगड ठरवायचा. म्हणजे लक्ष्मीच्या एका चित्रामागे एकावर एक बसणारे कितीतरी मास्कच होते. असा हात बसलेल्या माणसाला कॅमेऱ्यातली झाकाझाकी अवघड का वाटावी?

बरं, आता आपल्या आजीकडे. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ दाबलं. काय आलं? आजी आली, तिच्या खांद्यावरचा शेजारणीचा हात आला आणि पदराचा भिंतीशी भिडलेला तुकडा गेला. पांढऱ्यावर पांढरं, संगणकाला कड सापडत नाही. त्याला दोष देऊ नका, आपल्यालाही डोळे बारीक करूनच दिसते. आता दोन कामं आहेत. पदर मिळवायचा आणि हात वगळायचा. फोटोशॉपमध्ये शिफ्ट धरून निवडलं की मिळवणी, अल्ट धरून वजाबाकी, दोन्ही एकत्र धरले की दोन्हींत सामाईक असलेला भाग. जिंपमध्ये शिफ्टने मिळवणी, कंट्रोलने वजाबाकी, दोन्ही धरून सामाईक.

आधी पदर मिळवायचा की आधी हात काढायचा? फरक पडतो. शेजारणीची बोटं पदरावरच टेकलेली आहेत. आधी हात वजा केला आणि मग मोठ्या ब्रशने पदर मिळवला, तर बोटं परत आत येतात. आधी पदर मिळवला आणि मग हात वजा केला, तर बोटं जातात. मिळवणी-वजाबाकीत शेवटी जो बोलतो त्याचं चालतं. म्हणून नियम असा धरा : जे काही झालं तरी नकोच आहे, ते शेवटी वजा करायचं. बोटांखालची पदराची जागा मग मोकळी राहते, ती वेगळ्या लेअरवर भरून काढायची. ते काम मास्कचं नाही, त्यात आज शिरत नाही.

सामाईक भाग काढणं आपल्याकडे सगळ्यात कमी वापरतात आणि खरं तर ते सगळ्यात कामाचं आहे. चेहऱ्यावरची मांडवाची तांबूस छटा कमी करायची आहे. रंगावरून निवड केली तर चेहरा येतो, पण त्यासोबत मांडवाचं कापड, लाकडी खुर्ची, सोन्याचे मणी, मागच्या बाईच्या हाताची मेंदी, सगळं येतं. ब्रशने चेहऱ्याभोवती ढोबळ गोल काढला तर चेहरा येतो, पण कुंकू, डोळे, केस हेही येतात. दोन्ही निवडी एकेकट्या बिनकामाच्या. पण दोन्हींत जे सामाईक आहे तेवढंच घेतलं, तर नेमकी चेहऱ्याची त्वचा मिळते. दोन ढोबळ निवडींमधून एक नेमकी निवड होते, आणि बारीक ब्रश फिरवत बसण्याचा अर्धा तास वाचतो. अपवाद हळदीच्या फोटोंचा. तिथे रंगावरून हळद आणि त्वचा वेगळी काढता येत नाही, तिथे ब्रशच.

इथे जरा थांबतो. हा त्वचेचा मास्क हातात आला की बऱ्याच स्टुडिओंत दुसरं काम आपोआप होतं : चेहरा गोरा करायचा. गिऱ्हाईक मागतं, हे मान्य आहे. पण उन्हात उभं आयुष्य काढलेली आजी फ्रेममध्ये पिठासारखी पांढरी दिसली, तर नातवंडं म्हणतात, ‘ही आमची आजी वाटत नाही.’ छटा काढा, रंग काढू नका. हातांकडे बघा. चेहरा आणि हात यांचा मेळ बसत नसेल तर समजा की जास्त झालं.

आता उलटं करणं. गणित अगदी साधं आहे. २५५ मधून किंमत वजा करायची. ० चे २५५ होतात, २०० चे ५५ होतात. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन उलटं करायला शिफ्ट, कंट्रोल आणि आय. लेअरचा मास्क उलटा करायला नुसतं कंट्रोल आणि आय, पण मास्कच्या चौकटीवर आधी क्लिक हवं. फोटोच्या चौकटीवर असताना दाबलं तर फोटोचीच निगेटिव्ह होते.

भिंत निवडायची असेल तर भिंत वेगळी निवडू नका. आजीचा मास्क करा आणि तो उलटा. कारण वेगळी निवड केली की दोन कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुठे दोन्ही निवडी एकमेकींवर चढतात, कुठे मध्ये फट राहते. उलट्या मास्कमध्ये दोन्हींची बेरीज प्रत्येक ठिपक्यावर बरोबर २५५ येते. आजीकडे ९० असेल तर भिंतीकडे १६५. फट नाही, चढाओढ नाही.

पण आता गंमत बघा. शाळेत आपण शिकलो की एक संच आणि त्याचा पूरक संच यांची मिळवणी केली की सगळं येतं, आणि दोन्हींत सामाईक काही नसतं. मऊ कडांच्या मास्कला हे लागू होईलच असं नाही. कडेवरचा ठिपका अर्धा आजीचा, अर्धा भिंतीचा. दोन मास्क मिळवताना सॉफ्टवेअर काय हिशोब करतं यावर सगळं ठरतं. साधी बेरीज केली तर अर्धा आणि अर्धा मिळून एक, म्हणजे पूर्ण पांढरं. दोन्हींतली मोठी किंमत घेतली तर अर्धाच राहतो, १२८ च्या आसपास. तिसऱ्या पद्धतीत दोन्ही उलटे करून गुणाकार करतात आणि उत्तर पुन्हा उलटं करतात. तिथे पाऊण येतं, साधारण १९१. वजाबाकीचंही तसंच. अर्ध्यातून अर्धा सरळ वजा केला तर शून्य, उलट्याशी गुणाकार केला तर पाव, उलट्याशी तुलना करून लहान किंमत घेतली तर अर्धा. म्हणजे बटणावरचं नाव एकच, कडेवर निकाल तीन. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ‘थोडा आत, थोडा बाहेर’ अशा संचांचं गणित मांडलं. आपण रोज फोटोत तेच करतो, नाव माहीत नसतं एवढंच.

तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय करतं ते कोणाला विचारायची गरज नाही. घरी गेल्यावर एक करा. रिकाम्या पानावर गोल निवडा, कड चांगली पन्नास पिक्सेल मऊ करा, चॅनल म्हणून साठवा. मग निवड उलटी करा आणि तिच्यात साठवलेला गोल मिळवा. पूर्ण पांढरं आलं तर बेरीज. करडं कडं दिसलं तर त्याची किंमत मोजा, पद्धत कळेल. डार्कटेबल वापरणाऱ्यांना हे करायची गरज नाही. तिथे ब्रशने काढलेला आणि रंग-उजेडावरून ठरवलेला असे दोन मास्क जोडताना गुणाकार होतो, आणि दुसऱ्या पर्यायात मघाची उलटा-गुणा-उलटा पद्धत असते.

त्या उलटा-गुणा-उलटाच्या मागे डी मॉर्गन यांचा नियम आहे. ऑगस्टस डी मॉर्गन, इंग्रज गणिती, पण जन्म मदुराईचा, १८०६ चा. त्यांचा नियम सांगतो की ‘हे किंवा ते’ याचा उलटा म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’. मोबाईलवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या ॲपमध्ये प्रत्येक मास्कला वेगळं उलटं करायचं बटण असतं. समजा आजी आणि खुर्ची सोडून बाकी सगळं धूसर करायचं आहे. मुलं काय करतात? आजी निवडतात, उलटी करतात. खुर्ची निवडतात, उलटी करतात. दोन्ही मिळवतात. आणि सगळा फोटो धूसर होतो, आजीसकट! का? ‘आजी नाही’ या निवडीत खुर्ची आहे, ‘खुर्ची नाही’ या निवडीत आजी आहे. मिळवलं की दोघी आल्या. बरोबर रस्ते दोन : आजी आणि खुर्ची आधी मिळवा आणि शेवटी एकदाच उलटं करा. किंवा दोन्ही वेगळे उलटे करा आणि मग सामाईक भाग घ्या. मी पहिला रस्ता सुचवीन, डोकं कमी खर्च होतं.

आता ती फ्लेक्सवरची रेघ. आजी कापून वरच्या लेअरवर ठेवली, मास्कसकट. खाली नवा पडदा ठेवला, आणि ‘नीट बसावं’ म्हणून त्याला आजीचाच उलटा मास्क लावला. तर्क बरोबर वाटतो. पण कडेवर आजी अर्धी आहे आणि पडदाही अर्धा आहे. लेअर एकमेकांत बेरजेने मिसळत नाहीत. वरचा अर्धा दिसतो, उरलेल्या अर्ध्यात खालचा अर्धा, म्हणजे पाव. अर्धा अधिक पाव, पाऊण झालं. राहिलेल्या पावात काय दिसणार? तळाला जे असेल ते. तळ पांढरा असेल तर पांढरी रेघ. फोटो हजार पिक्सेल रुंद असेल आणि दहा फुटांचा फ्लेक्स करायचा असेल, तर एक पिक्सेल साधारण तीन मिलिमीटरचा होतो. तीन पिक्सेलची कड म्हणजे जवळपास एक सेंटिमीटरची रेघ, चौकात, सगळ्या गावासमोर. उपाय एका वाक्याचा : खालच्या लेअरला मास्क लावूच नका, पडदा अख्खा ठेवा. उलटा मास्क एकाच चित्राच्या दोन भागांना वेगळी ट्रीटमेंट देण्यासाठी असतो, दोन चित्रं एकमेकांवर ठेवण्यासाठी नाही.

रेघ तरीही राहिली तर ती जुन्या भिंतीचा पांढरेपणा कडेतून सोबत आल्याची असते. तेव्हा मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. इथे पुन्हा उलट्याचा प्रश्न येतो. मऊ करणं आधी आणि उलटं करणं नंतर, किंवा याच्या उलट क्रमाने, निकाल तोच, निदान फोटोच्या काठापासून दूर. पण वाढवणं-आकसणं तसं नाही. आजीचा मास्क दोन पिक्सेल आत घेतला की भिंतीचा मास्क आपोआप दोन पिक्सेल बाहेर येतो. उलटं करून मग ‘आकस’ म्हटलं तर भिंत आकसेल आणि आजी फुगेल. रात्री अकराला, डोळे मिटत असताना, नेमकं हेच होतं. आकसण्याआधी मास्क उघडून बघा की आत्ता पांढरं कोण आहे.

एक चिठ्ठी आली आहे : ‘एवढं करून ठेवलेला मास्क दुसऱ्या दिवशी सापडत नाही.’ जेपेगमध्ये साठवलं असणार. जेपेगमध्ये ना लेअर राहतात, ना मास्क. फोटोशॉपवाल्यांनी पीएसडी, जिंपवाल्यांनी एक्ससीएफ ठेवायची. मास्क तिच्यातच चॅनल म्हणून नावासकट साठवा, ‘आजी’, ‘हात’, ‘पदर’ असे वेगवेगळे, एकत्र करून नव्हे. वर्षश्राद्धाला तेच घर पुन्हा येतं आणि म्हणतं की मागच्या वेळी पदर जरा तुटला होता, तो नीट करून द्या. तेव्हा फक्त पदराचा मास्क उघडायचा आणि तेवढाच दुरुस्त करायचा.

बाकीच्या चिठ्ठ्या मोबाईल ॲपबद्दल आहेत, त्या प्रात्यक्षिकात घेऊ. लॅपटॉप लावा.